इंडियन कानून: स्त्रियांच्या कायद्याचा इतिहास शोधणाऱ्यांच्या नजरेतून

पतीच्या घरी नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्या खटल्यातील न्यायालयाचा निवाडा मुळातून वाचलेले विद्यार्थी मला फार थोडे भेटले आहेत. काही वर्षांपूर्वीपर्यंत यात त्यांचा दोष नव्हता. ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ या निवाड्यांच्या छापील संग्रहाच्या मुंबई मालिकेचा नववा आणि दहावा खंड पाहायचा, तर एखाद्या जुन्या विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची परवानगी काढावी लागे, आणि खंड हाती आले तरी त्यांची पाने उलटताना तुटत असत. आज हेच काम घरी बसून करता येते, आणि त्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. हे शक्य करणाऱ्या ‘इंडियन कानून’ या शोधसेवेचे हे परीक्षण आहे. वकिलांना ती किती उपयोगी आहे हे वकील सांगतील. स्त्रिया, कायदा आणि इतिहास यांच्या संशोधनात ती कितपत साथ देते, कुठवर देते आणि कुठे तिचा हात सोडून पुढे जावे लागते, एवढ्यापुरतेच मी लिहिणार आहे.

सुशांत सिन्हा या संगणकशास्त्रज्ञाने २००८ साली ही सेवा सुरू केली. सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालये आणि अनेक न्यायाधिकरणे यांचे निवाडे, केंद्रीय कायद्यांची कलमे, विधी आयोगाचे अहवाल आणि संविधान सभेतील चर्चा असे सारे तिच्यात एकाच शोधपेटीतून धुंडाळता येते. शोधायला आणि वाचायला खाते उघडावे लागत नाही. ज्या विद्यार्थिनीचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे आणि ज्या महाविद्यालयाला महागड्या विदागारांची (डेटाबेसची) वर्गणी परवडत नाही, तिच्या दृष्टीने ही बाब इतर सर्व गुणांहून मोठी आहे. स्त्री-अभ्यासाच्या कितीतरी प्रबंधांत कायद्याचे प्रकरण दुय्यम पुस्तकांवरच उभे असते, कारण मूळ कागदापर्यंत पोहोचण्याची ऐपतच नसते. ती अडचण या सेवेने बरीचशी दूर केली आहे.

तरी माझ्या मते तिचे खरे मोल शोधपेटीत नाही. प्रत्येक निवाड्यासोबत दोन याद्या मिळतात: या निवाड्याने कोणकोणत्या जुन्या निवाड्यांचा आधार घेतला, आणि पुढे कोणकोणत्या निवाड्यांनी याचा आधार घेतला. वकिलाला या याद्या आपल्या बाजूचा दाखला शोधण्यासाठी लागतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यांतून एखाद्या कल्पनेची वंशावळ हाती लागते. ‘नांदायला जाणे’ ही गोष्ट न्यायालयाच्या हुकमाने घडवून आणता येते, हा विचार आपल्याकडे कुठून आला, कोणी उचलला आणि कोणी नाकारला, हे या याद्यांच्या आधाराने पायरीपायरीने पाहता येते.

ही वाट मी स्वतः उलट दिशेने चालले. आरंभ केला तो १९८३ सालच्या आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या टी. सरीता प्रकरणापासून. हिंदू विवाह कायद्याचे नववे कलम, म्हणजे दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचे (वेगळ्या राहणाऱ्या जोडीदाराला न्यायालयाच्या हुकमाने पुन्हा सहवासात आणण्याचे) कलम, न्या. चौधरी यांनी त्या निवाड्यात घटनाबाह्य ठरवले. इच्छा नसलेल्या स्त्रीला न्यायालयाच्या बळावर पतीच्या सहवासात पाठवणे हा तिच्या देहाच्या खासगीपणावरचा आघात आहे, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. मात्र त्यांनी केवळ संविधानाचा आधार घेतला नाही. ही तरतूद इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून इथे आली आणि खुद्द इंग्लंडने ती १९७० साली टाकून दिली, हा इतिहास त्यांनी मांडला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या १९२७ सालच्या बाई जिवा प्रकरणातील एक उतारा दिला. हिंदू धर्मशास्त्र पत्नीला पतीच्या आज्ञेत राहायला सांगते खरे, परंतु तिने ऐकले नाही तर न्यायालयाने तिला ओढून आणावे अशी सोय त्या शास्त्रात नाही, असा त्या उताऱ्याचा आशय आहे. तेथून आणखी चार दशके मागे गेले की आपण दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई या खटल्यापाशी येऊन थांबतो.

इथे थोडे रेंगाळणे भाग आहे. या खटल्याचे दोन छापील निवाडे आहेत. पहिला, न्या. पिन्ही यांचा, सप्टेंबर १८८५ मधला. तो नवव्या खंडात ५२९व्या पानावर आहे. दुसरा, मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्या. बेली यांचा, १८८६ मधला अपिलाचा. तो दहाव्या खंडात ३०१व्या पानावर आहे. पुस्तकांतून आपल्याला पिन्ही यांची सहृदयता ठाऊक असते: जिला तो पुरुष आवडत नाही अशा तरुण स्त्रीला त्याच्या हवाली करणे हे क्रौर्य आहे, असे त्यांनी म्हटले होते. पण मूळ निवाडा वाचताना ध्यानात येते की निकाल सहृदयतेवर उभा नाही. तो एका उपसर्गावर उभा आहे. ‘पुनःस्थापन’ याचा अर्थ जे एकदा स्थापन झाले होते ते पुन्हा स्थापणे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लागले, त्यानंतर त्या पतीच्या घरी कधी राहिल्याच नाहीत, तेव्हा जे कधी सुरूच झाले नाही ते पुन्हा सुरू करण्याचा हुकूम मागता येत नाही, आणि अशा हुकमाला हिंदू कायद्यातही आधार नाही, असा पिन्ही यांचा युक्तिवाद होता. अपिलाच्या पीठाने नेमका तोच ‘पुनः’ पुसून टाकला. विधी झाला की विवाह पूर्ण झाला, सहवास घडला होता की नाही हा प्रश्न गैरलागू आहे, असे सांगून पीठाने खटला फेरविचारासाठी परत पाठवला. ही बाब मी पुस्तकांतून पूर्वी वाचलेली होती, तरी दोन्ही निवाडे एका बैठकीत वाचेपर्यंत ती मला नीट उमगली नव्हती.

पुढे मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना महिन्याभरात पतीकडे जावे अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगावा असा हुकूम दिला, हे सर्वांना माहीत आहे. ते या दोन निवाड्यांत अर्थातच नाही, कारण ते नंतर घडले. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन झालेली तडजोडही त्यांत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रखमाबाई स्वतः त्यांत जवळजवळ नाहीत. त्यांचे वय, त्यांचे लग्न, त्यांचा नकार एवढेच आहे. १८८५ साली त्यांनी ‘अ हिंदू लेडी’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली, बालविवाहाने मुलींचे शिक्षण आणि आयुष्य कसे खुंटते हे विस्ताराने मांडले, त्या पत्रांतली स्त्री आणि निवाड्यातली ‘प्रतिवादी’ ही एकच व्यक्ती आहे याचा कोणताही माग निवाड्यात लागत नाही. कायद्याच्या कागदावर स्त्री ज्या आकारात उरते तोच तिचा आकार, असे समजून चालणारा अभ्यास अपुरा असतो, आणि जी सेवा फक्त कायद्याचे कागद देते तिच्याकडे जाताना हे भान आपले आपणच बाळगावे लागते.

आता याच वाटेने पुढच्या दिशेने चालू. सरीता निवाड्याच्या पुढच्या याद्या पाहिल्या की दिल्ली उच्च न्यायालयाचा हरविंदर कौर निवाडा लागतो. त्यात संविधानाला घराच्या उंबऱ्याबाहेरच ठेवण्याची भूमिका घेतली गेली. पाठोपाठ ऑगस्ट १९८४ मधला सर्वोच्च न्यायालयाचा सरोज राणी निवाडा येतो. त्याने दिल्लीचे मत उचलून धरले, नववे कलम वैध ठरवले आणि सहवासाचा हक्क विवाहसंस्थेतच मुळातून आहे असे म्हटले. पाठ्यपुस्तकात इतकेच असते. निवाडा उघडून वस्तुस्थितीचा भाग वाचला की वेगळेच काही दिसते: पुनःस्थापनेचा दावा पत्नीने केला होता, पतीने त्याला संमती दिली, १९७८ साली तसा हुकूमनामा झाला, आणि एक वर्ष उलटून गेल्यावर सहवास सुरू झाला नाही हे कारण दाखवून पतीने त्याच हुकूमनाम्याच्या आधारे घटस्फोट मागितला आणि तो त्याला मिळाला. ज्या स्त्रीने घर पुन्हा उभे राहावे म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले, तिच्याच कागदाने तिचे घर मोडले. स्त्रीवादी कायदा-अभ्यासाला कलमाच्या वैधतेइतकाच हा वापरही महत्त्वाचा आहे, आणि तो दिसण्यासाठी निवाड्याची पहिली चार पाने वाचावी लागतात. निवाड्याचे भाग वेगळे करून दाखवणारी, म्हणजे वस्तुस्थिती, मुद्दे, युक्तिवाद आणि न्यायालयाचा विचार यांना निरनिराळ्या खुणा लावणारी सोय या सेवेत आहे. ती यंत्राने केलेली विभागणी असल्याने तिच्यावर पूर्ण भार टाकू नये, पण लांबलचक निवाड्यात वस्तुस्थिती कोठे आहे हे शोधायला ती कामाला येते.

शोधताना अडते ते बहुधा नावांच्या आणि शब्दांच्या लिप्यंतरापाशी. रखमाबाई हे नाव रोमन अक्षरांत ‘रुख्माबाई’ असे लिहिलेले सापडते, तसेच ‘रुक्माबाई’ असेही. एका रूपाने शोध घेऊन निष्फळ ठरला म्हणजे निवाडा नाही असे समजू नये. खंड आणि पान माहीत असेल तर त्यानेच शोधावे. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत लिहावा, आणि न्यायालय व कालखंड यांची मर्यादा घालावी. तसे केले नाही तर शंभर वर्षांपूर्वीचा एक निवाडा हजारो ताज्या आदेशांच्या ढिगाखाली जातो.

शब्दांच्या बाबतीत मराठी अभ्यासकाला एक मोठा लाभ आहे, आणि तो फारसा कोणी घेत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निवाड्यांत आपल्या समाजातले शब्द रोमन लिपीत तसेच राहिले आहेत: ‘पाट’, ‘नातरा’, ‘स्त्रीधन’. इंग्रजीतून विचार करणारा अभ्यासक ‘विधवा-पुनर्विवाह’ शोधेल आणि त्याला उच्चवर्णीय सुधारणांचा इतिहास मिळेल. आपण ‘पाट’ शोधला तर निराळाच इतिहास हाती येतो. अनेक जातींत विधवेने पाट लावण्याची रीत पूर्वापार होती. त्यासाठी त्यांना १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्याची गरजच नव्हती. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात म्हटले होते की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपेल. मग प्रश्न उभा राहिला: जिच्या जातीत पाट आधीपासून चालत आला आहे, तिलाही हे कलम लागू होते का? अलाहाबादच्या न्यायालयाने १८८९ साली नाही म्हटले. मुंबईच्या पूर्णपीठाने १८९६ साली, विठू विरुद्ध गोविंदा या प्रकरणात, होय म्हटले. म्हणजे विधवांच्या मुक्तीसाठी झालेल्या कायद्याने, मुळात मोकळ्या असलेल्या विधवांच्या हातची जमीन मुंबई इलाख्यात काढून घेतली. जातपंचायतीने दिलेली सोडचिठ्ठी आणि पती जिवंत असताना दुसरे लग्न करण्याची परवानगी न्यायालयांनी नाकारली, ती १८७६ सालच्या संभू राघू प्रकरणाची कहाणीही याच धर्तीची आहे. सुधारणेचा इतिहास आणि ब्राह्मणी रीतीच्या सार्वत्रिकीकरणाचा इतिहास हे एकाच कागदाच्या दोन बाजू कशा आहेत, हे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा या निवाड्यांनी अधिक नीट शिकवले.

विठू विरुद्ध गोविंदा या निवाड्याबाबत माझी एकदा फसगत झाली होती, आणि ती इथे नोंदवते, कारण ती अनेकांची होते. पैसे भरून वापरायच्या एका विदागारात निवाड्यांना संपादकांनी लिहिलेला आटोपशीर सारांश जोडलेला असतो. त्या सारांशात पुनर्विवाहाने हक्क जातो एवढेच होते; जातीच्या रूढीचा प्रश्नच वादाचा गाभा होता, याचा उल्लेख नव्हता. त्यावर विसंबून मी लेखाची दोन पाने लिहिली आणि पुढे ती संपूर्ण बदलावी लागली. इंडियन कानूनवर जुन्या निवाड्यांचा मजकूर थेट वाचावा लागतो, हे आधी गैरसोयीचे वाटते, पण इतिहासाच्या कामात ती गैरसोय आपल्या हिताची आहे.

मर्यादांपैकी सर्वांत मोठी मर्यादा या सेवेची नसून निवाडा या साधनाचीच आहे. १९७२ सालच्या मथुरा प्रकरणाचे उदाहरण घ्या. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या गडचिरोलीतील, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर पीठाने १९७६ साली त्यांना दोषी धरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी पुन्हा सोडले. शेवटचा निवाडा या सेवेत ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने वाचता येतो. म्हणजे शोधताना आरोपीचे नाव लागते, मुलीचे नाही. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचे पटत नाही, म्हणून संमती, हा तर्क त्यात वाक्यावाक्याने वाचता येतो. भयाने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा उच्च न्यायालयाने केलेला भेद मात्र आपल्याला तो खोडून काढणाऱ्या निवाड्यातूनच कळतो. सत्र न्यायालयातील मुलीची जबानी, ती कोणत्या भाषेत झाली, कोणी भाषांतरित केली, उलटतपासणीत तिला काय विचारले, यातले काहीही तिथे नाही. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदा-प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्रही निवाड्यांच्या साखळीत येत नाही, आणि बलात्काराविषयीच्या कायद्यात १९८३ साली झालेल्या दुरुस्तीमागे रस्त्यावर उतरलेल्या बायकाही येत नाहीत. दिसते ते एवढेच, की १९८३नंतर पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आले आणि पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे असे ठरले. कायदा का बदलला हे पाहायला वृत्तपत्रे, संघटनांची पत्रके आणि त्या काळातल्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती यांच्याकडेच जावे लागते.

आणखी एक सावधगिरी आकड्यांबाबत. शोधाच्या निकालात किती निवाडे आले, ती संख्या प्रबंधात तक्ता करून मांडण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. अमुक दशकात पोटगीचे इतके निवाडे आणि पुढच्या दशकात तितके, म्हणून तंटे वाढले, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. तो चुकीचा आहे. ज्या स्त्रीकडे अपिलासाठी पैसा, वेळ आणि सोबत यायला माणूस होता, तिचेच प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचते. जुन्या काळात त्यांपैकीही संपादकाला छापण्याजोगी वाटली तीच प्रकरणे उरली. बाकीच्या साऱ्या बायका कनिष्ठ न्यायालयाच्या दप्तरात, किंवा त्याच्याही अलीकडे, घरातल्या बैठकीतच थांबल्या.

नावांचा प्रश्नही मला सतत अस्वस्थ करतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे १९८३पासून गुन्हा आहे, आणि आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमात आहे. पण घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा यांच्या निवाड्यांत पतिपत्नींची नावे, कधी घरातले अत्यंत खासगी तपशीलही, उघडे असतात आणि शोधाला सापडतात. न्यायदान उघडे असावे हे तत्त्व मला मान्य आहे. त्याच तत्त्वामुळे ही सेवा उभी आहे. तरीही वीस वर्षांपूर्वी तंटा संपवून नवे आयुष्य सुरू केलेल्या बाईचे नाव माझ्या तळटीपेतून पुन्हा वर यावे असे मला वाटत नाही. म्हणून अलीकडच्या कौटुंबिक निवाड्यांत, जे नाव कायद्याच्या चर्चेत आधीच प्रसिद्ध झालेले नाही ते मी आद्याक्षरांवर आणते आणि ओळख पटेल असा तपशील गाळते. विद्यार्थ्यांकडूनही मी तसेच करवून घेते.

प्रबंधात दाखला देण्यापूर्वी मजकूर अधिकृत प्रतीशी ताडून पाहावा. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे जानेवारी २०२३पासून ‘ई-एससीआर’ या सोयीवर विनामूल्य मिळतात, आणि त्यांतील काहींचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. पृष्ठांकासाठी तीच प्रत धरावी. इंडियन कानून शोधायला आणि धागा पकडायला, अधिकृत प्रत दाखल्याला, अशी माझी विभागणी आहे. संविधान सभेच्या चर्चांसाठी मात्र मी अजूनही पुष्कळदा इथेच येते, कारण हंसा मेहता किंवा दुर्गाबाई देशमुख यांचे बोलणे आणि पुढे त्याच अनुच्छेदावर न्यायालयाने काय म्हटले, हे एकाच ठिकाणाहून आलटूनपालटून पाहता येते.

ज्यांनी अजून ही सेवा वापरलेली नाही त्यांनी १९५१ सालच्या नरसू अप्पा माळी निवाड्यापासून आरंभ करावा असे मी सुचवेन. द्विभार्याप्रतिबंधाच्या मुंबई राज्याच्या कायद्यावरून निघालेला हा खटला, न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी त्यात व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येणार नाहीत असे म्हटले. त्याला पुढे कोणी आधार मानले, ती यादी उघडावी आणि २०१८च्या शबरीमला निवाड्यातील न्या. चंद्रचूड यांच्या मतापर्यंत यावे, जिथे नरसूवरच प्रश्नचिन्ह लावले आहे. एका सुट्टीच्या दिवसात एवढे वाचून होते. वाचताना शेजारी वही ठेवावी आणि प्रत्येक निवाड्यात स्त्री कोणत्या शब्दाने आली आहे, ते लिहून घ्यावे: पत्नी, विधवा, वादी, साक्षीदार, की नुसतीच ‘सदर मुलगी’.